दुधाचा लगाम

बाजरीचं बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकायचं, हे जुन्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दहा लिटर पाणी, त्यात दोन किलो मीठ. बी ओतून ढवळलं की भरलेले दाणे तळाशी बसतात आणि पोचट दाणे वर तरंगतात. त्यांच्याबरोबर काळपट, कठीण खडेही वर येतात. तरंगलेलं सगळं काढून जाळून टाकायचं आणि तळाचं बी चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. ते काळपट खडे म्हणजे अरगट. कणीस फुलोऱ्यात असताना एक बुरशी फुलांत शिरते. आधी मधासारखा चिकट पाझर सुटतो आणि मग जिथं दाणा भरायचा तिथं बुरशीची गाठ धरते. वाशिमकडे बाजरीपेक्षा सोयाबीन आणि तूरच जास्त. पण ज्वारीच्या कणसावरचा चिकटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. त्यामागेही याच कुळातली बुरशी असते.

ही बुरशी माणसाच्या पोटात गेली तर काय होतं, तेही आपल्याकडे घडून गेलं आहे. १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन माणसं आजारी पडली. मळमळ, एकामागून एक उलट्या, चक्कर, गुंगी. त्याच दशकात दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, जनावरांच्या डॉक्टरांनी एक वेगळीच गोष्ट नोंदवली. असलीच बाजरी खाल्लेल्या डुकरिणी व्यायल्या, पण त्यांना दूधच आलं नाही.

या प्रकरणातलं औषध त्याच बुरशीच्या घराण्यातलं आहे. दूध आटवण्याचा गुण त्यात आहे आणि मळमळ, चक्कर हे अवगुणही आहेत. ब्रोमोक्रिप्टीन आणि कॅबरगोलिन ही त्याची दोन रूपं. पाळी बंद झाली, मूल राहत नाही, बाळ नसताना छातीतून दूध येतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईच्या चिठ्ठीवर यातलं एखादं नाव असतं. कॅबरगोलिनची गोळी मुगाच्या डाळीएवढी आणि आठवड्यातून बहुधा दोनदाच घ्यायची. त्यामुळे ती किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही, आणि भीती बाळगण्याजोगीही नाही. ती कशी घ्यायची एवढं घरातल्या माणसांना नीट कळलं पाहिजे, म्हणून हे प्रकरण.

आधी शरीरातली व्यवस्था पाहू. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाची एक छोटी खोबण असते. तिच्यात वाटाण्याएवढी ग्रंथी बसलेली असते. इंग्रजीत पिट्युटरी, मराठीत पीयूषिका. हे मराठी नाव मला फार आवडतं. पीयूष म्हणजे अमृत हे आपल्याला माहीत असतं, पण संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधालाही पीयूषच म्हणतात. आपण त्याला चीक म्हणतो आणि त्याचा खरवस करतो. या ग्रंथीतून जी अनेक संप्रेरकं निघतात त्यांतलं एक खरोखरच दुधाचं आहे. त्याचं नाव प्रोलॅक्टिन.

गाय पान्हावते तेव्हा काय होतं हे गोठ्यात वावरलेल्या माणसाला ठाऊक असतं. वासरानं ढुशी दिली की कासेत साठलेलं दूध सडात उतरतं. हे उतरवण्याचं काम ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं संप्रेरक करतं. पण उतरायला आधी दूध तयार व्हावं लागतं, आणि ते तयार करायला लावतं प्रोलॅक्टिन. बाईच्या शरीरातही हेच दोघं, याच वाटणीनं काम करतात.

आता यातली खरी गंमत. पीयूषिकेच्या बाकीच्या संप्रेरकांना मेंदू मागून ढकलत असतो; ढकलणं थांबलं की ती कमी होतात. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. त्याला मेंदू सतत मागे ओढून धरतो. ओढून धरण्याचं काम डोपामिन हे रसायन करतं. मेंदूच्या तळातून ते बारीक रक्तवाहिन्यांमधून थेंबाथेंबानं खाली पीयूषिकेत उतरतं आणि दुधाच्या पेशींना दाबून ठेवतं. घोडा पळायला तयारच आहे, फक्त लगाम ताणलेला आहे. बाळ अंगावर प्यायला लागलं की लगाम ढिला होतो. ज्या माणसाला लगामाचीच उणीव पडली, किंवा ज्याचा घोडा लगामाला जुमानेनासा झाला, त्याला आपण बाहेरून डोपामिनसारखं काम करणारं औषध देतो. ब्रोमोक्रिप्टीन आणि कॅबरगोलिन हे बाहेरचे लगाम आहेत.

प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी का थांबते, याचं उत्तर आपल्या आजीला माहीत होतं. बाळ अंगावर पीत असेपर्यंत पुष्कळ बायकांना पाळी येत नाही, हे ती अनुभवानं सांगायची. एक मूल पोसलं जात असताना दुसऱ्याची तयारी शरीर लांबणीवर टाकतं. वाढलेलं प्रोलॅक्टिन मेंदूतून बीजकोशासाठी निघणारे हुकूम मंद करतं. मग बीज पिकत नाही आणि पाळी लांबते किंवा थांबते. बाळ नसतानाच शरीराला बाळ असल्याचा निरोप मिळत राहिला, तर तोच आजार.

हे संप्रेरक फक्त बायकांचं नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिलं, ते कबुतरांवरच्या कामातून. कबुतराचं जोडपं गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य पिलांना भरवतं, आणि त्यात नरही मागे नसतो. माणसात मात्र प्रोलॅक्टिन वेगळं असतं की नाही, याचीच डॉक्टरांना बराच काळ शंका होती. ती १९७०-७१च्या सुमारास फिटली. पुरुषांच्या रक्तातही ते असतं आणि त्यांच्यातही ते वाढतं. त्यांच्यात इच्छा कमी होते, शुक्राणू घटतात, डोकं दुखतं. पाळी चुकण्यासारखी ठळक खूण पुरुषाला नसल्यामुळे तो उशिरा येतो. यामागे पीयूषिकेत गाठ असेल, तर तोवर ती मोठी होऊन वरच्या दृष्टीच्या नसांवर दाब आलेला असतो. अशा माणसाला समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसत नाही, टांग्याच्या घोड्याला झापडं लावावीत तसं. मोटारसायकल चालवताना बाजूनं आलेली गाडी लक्षात येत नाही, दाराची चौकट खांद्याला लागते. चष्मा बदलून हे सुधारत नाही. मूल होत नाही म्हणून फक्त सुनेला दवाखाने फिरवणाऱ्या घरांनी एवढ्यासाठी तरी मुलाचीही तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे मूल नसलेल्या बाईला लावला जाणारा एक शब्द किती आयुष्यं जाळून गेला आहे, आणि कित्येकदा दोष तिच्यात नव्हताच. असलाच तर तो असा गोळीनं सुधारणारा होता.

मानोऱ्याजवळच्या एखाद्या खेड्यातली पंचविशीतली बाई डोळ्यांपुढे आणा. लग्नाला चार वर्षं झाली, पाळी तीन-तीन महिने येत नाही. कपड्याला दुधाचे डाग लागतात, पण हे ती कोणाला सांगत नाही. रक्ताच्या रिपोर्टवर प्रोलॅक्टिन ६४ लिहून आलं आहे आणि शेजारी ठळक अक्षरात खूण आहे. बाळंतपण नसलेल्या बाईत हा आकडा साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असतो. रिपोर्ट पाहून लगेच गोळी लिहिणारे डॉक्टर असतात. चांगले डॉक्टर आधी विचारतात.

"ताई, ॲसिडिटीसाठी काही घेता का?"

"हो ना. रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल. बंद केली की छातीत जळजळते."

"किती दिवस झाले?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष. मेडिकलवालेच देतात."

त्या कॅप्सूलची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ॲसिडिटीच्या औषधाच्या जोडीला डॉमपेरिडोन असं नाव दिसेल, किंवा लेवोसल्पिराइड. उलटी आणि पोटफुगी थांबवणारी ही औषधं शरीरात डोपामिनची वाट अडवतात. म्हणजे लगाम कापतात. प्रोलॅक्टिन ६४ काय, १०० ओलांडूनही जाऊ शकतं. अशा बाईला कॅबरगोलिन देणं म्हणजे एका हातानं लगाम कापत राहायचं आणि दुसऱ्या हातानं नवा बांधायचा. तिला डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती कॅप्सूल बदलावी लागते, काही दिवस थांबून पुन्हा रक्त तपासावं लागतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. माझ्या मते आपल्या भागात या एका प्रश्नाइतकी स्वस्त आणि उपयोगी तपासणी दुसरी नाही.

मानसिक आजाराच्या गोळ्यांनीही असंच होतं. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड यांत हे जास्त दिसतं. पण इथं सावध राहायला हवं. पाळी थांबली म्हणून मनाच्या आजाराची गोळी आपल्या मनानं बंद केली, तर आजार उलटतो आणि तो उलटणं फार महागात पडतं. त्यावर परस्पर कॅबरगोलिन सुरू केलं तरी भास-संशय उसळू शकतात, कारण मनाच्या आजारात जे डोपामिन आवरायचं असतं त्यालाच ही गोळी चेतवते. औषध बदलायचं की नाही, हे मनोविकारतज्ज्ञ आणि संप्रेरकांचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं.

थायरॉइड मंद असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं. थायरॉइडच्या गोळीनं ते खाली येतं. मूत्रपिंड बिघडलं असेल तरी वाढतं. आणि सगळ्यात आधी पाहायची गोष्ट म्हणजे दिवस गेलेले नाहीत ना. गरोदरपणात प्रोलॅक्टिन २०० किंवा त्याहून वर जाणं हे निरोगी शरीराचं लक्षण आहे.

रक्त देण्याचीही रीत आहे. झोपेत प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, म्हणून उठल्यावर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. पहाटेच्या एसटीनं धावतपळत येऊन, सुईला घाबरत दिलेल्या रक्तातही आकडा थोडा चढतो. थोडाच वाढलेला आकडा असेल तर शांत बसून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणं शहाणपणाचं. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे मोठे, निकामी गठ्ठे फिरत असतात. आकडा मोठा दिसतो, त्रास मात्र काहीच नसतो. त्याची वेगळी चाचणी असते आणि त्यांना गोळीची गरज नसते. आणखी एक गफलत एककांची. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये लिहितात, काही मिली-आंतरराष्ट्रीय एककांत. एका नॅनोग्रॅमची सुमारे २१ एककं होतात. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवून "एका महिन्यात वीसपट वाढलं" म्हणून रडणारी माणसं असतात. आकड्यापुढची बारीक अक्षरं आधी पाहावीत.

हे सगळं चाळून झालं की मग पीयूषिकेचा एमआरआय. तिथं प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ सापडली, तर तिला प्रोलॅक्टिनोमा म्हणतात. एक सेंटिमीटरहून लहान ती छोटी, त्याहून मोठी ती मोठी. साधारणपणे गाठ जितकी मोठी तितकं प्रोलॅक्टिन जास्त. २००-२५०च्या वर आकडा असेल आणि बाई गरोदर नसेल, तर गाठीचा संशय पक्का होतो. "मेंदूत गाठ आहे" हे वाक्य ऐकून घरात चूल पेटत नाही, इतकी त्याची दहशत असते. म्हणून स्पष्ट सांगतो. ही गाठ जवळजवळ नेहमीच कॅन्सरची नसते. ती मेंदूत नसते, मेंदूखालच्या ग्रंथीत असते. आणि मोठी असली तरीही तिचा पहिला उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रिया नसून गोळी हाच असतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या संप्रेरक विभागातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अतिविशाल प्रोलॅक्टिनोमांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, तो गोळ्यांच्या उपचाराच्या बाजूचाच होता. अतिविशाल म्हणजे चार सेंटिमीटरहून मोठ्या. अशा गाठी गोळीनं आक्रसतात, दबलेल्या नसा मोकळ्या होतात, आणि काहींची नजर थोड्याच दिवसांत सुधारायला लागते. नाकातून करायची शस्त्रक्रिया आहेच. ती गोळीला दाद न देणाऱ्यांसाठी आणि गोळी न सोसणाऱ्यांसाठी.

एक अपवाद डॉक्टरांनाही चकवतो. गाठ फार मोठी असली आणि प्रोलॅक्टिन बेसुमार असलं, तर चाचणीतली रसायनं इतकी भरून जातात की यंत्र उलट कमी आकडा दाखवतं. एमआरआयवर मोठी गाठ आणि रिपोर्टवर साधाच आकडा असं दिसलं, तर रक्त शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगावं लागतं. हे न कळल्यामुळे टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया होऊ शकते.

बुरशीपासून गोळीपर्यंतचा रस्ता लांब आहे. युरोपात राय या धान्यावरच्या अरगटानं मध्ययुगात गावंच्या गावं आजारी पाडली. सुईणी मात्र चिमूटभर अरगट बाळंतपणात वापरत. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला आजही जे मेथर्जिनचं इंजेक्शन देतात, ते याच बुरशीच्या रसायनापासून आलेलं. १९५०च्या दशकात इस्रायलमध्ये मोशे शेलेस्न्याक यांना उंदरांवरच्या प्रयोगांत अरगटाचं एक रसायन गर्भ रुजू देत नाही असं दिसलं. यामागे प्रोलॅक्टिन असावं, असा माग त्यांनी धरला. तोच माग पुढे स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सँडोझ कंपनीत एडवर्ड फ्लुकिगर यांनी उचलला. अरगटाचे बाकीचे विषारी गुण बाजूला ठेवून फक्त प्रोलॅक्टिन दाबणारा रेणू त्यांना हवा होता. तो ब्रोमोक्रिप्टीन. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. मग इटलीत कॅबरगोलिन तयार झालं, ते अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झालं. ब्रोमोक्रिप्टीन रोज घ्यावं लागतं. कॅबरगोलिन शरीरात इतकं रेंगाळतं की अर्धं ओसरायलाच सुमारे ६५ तास लागतात. १९९४ मध्ये ४५९ स्त्रियांवरचा एक मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅबरगोलिन घेणाऱ्या ८३ टक्के जणींचं प्रोलॅक्टिन जागेवर आलं, ब्रोमोक्रिप्टीनवर ५९ टक्के जणींचं. न सोसल्यामुळे औषध सोडणाऱ्या पहिल्या गटात ३ टक्के होत्या, दुसऱ्यात १२ टक्के. तेव्हापासून कॅबरगोलिन पुढे गेलं.

आता घरात गोळी आली. सुरुवात बहुधा पाव मिलिग्रॅमनं, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. महिन्याभरानं रक्त पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात. पुष्कळांना आठवड्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं. सगळ्यात मोठी चूक इथंच होते. आपल्याला बीपीची गोळी रोज, साखरेची गोळी रोज, अशी सवय. चार गोळ्यांची छोटी पट्टी पाहून माणूस चार दिवसांत ती संपवतो आणि पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडतो. म्हणून वार ठरवा. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दोन वारांच्या चौकोनांत पेनानं खूण करा आणि गोळी घेतली की ती खोडा. ज्या वारी उपवास असतो तो वार घेऊ नका, कारण गोळी भरल्या पोटी घेतली की मळमळ कमी होते. सोमवारचा उपवास असेल तर मंगळवार-शुक्रवार धरा. रात्री जेवून, झोपण्याआधी घ्या. चक्करेचा पहिला भर झोपेत निघून जातो. रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर बसा, मग उभ्या राहा. पहिले काही दिवस, आणि मात्रा वाढवली की पुन्हा काही दिवस, गाडी आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्या. एखादा वार चुकला तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

मळमळ झाली, डोकं दुखलं, नाक चोंदलं, शौचाला साफ झालं नाही, तर घाबरू नये. हे बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. पण मळमळीवर दुकानातून उलटीची गोळी आणून घेऊ नये, हे मला ठासून सांगायचं आहे. ती बहुधा डॉमपेरिडोनची किंवा मेटोक्लोप्रमाइडची असते, म्हणजे तोच लगाम कापणारा विळा. बाई महिनोन्‌महिने दोन्ही घेत राहते, आकडा हलत नाही, आणि डॉक्टर मात्रा वाढवत जातात. मळमळ सोसत नसेल तर ज्यांनी गोळी लिहिली त्यांनाच फोन करा. ते मात्रा अर्धी करतील, ती हळूहळू चढवतील. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं कॅबरगोलिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. अर्धशिशीची काही जुनी औषधंही अरगटाचीच असतात. म्हणून सर्दी-तापासाठी गेलात तरी या गोळीचं नाव सांगा.

हृदयाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मोबाइलवर अर्धवट वाचून बायका गोळी बंद करतात. कंपवाताच्या आजारातही कॅबरगोलिन वापरलं जायचं, पण तिथं मात्रा रोज काही मिलिग्रॅम असे. २००७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत अशा रुग्णांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्याचं दिसलं. कंपवाताचा रुग्ण जेवढं एका दिवसात घेत असे, तेवढं प्रोलॅक्टिनच्या रुग्णाला कित्येक आठवडे पुरतं. या लहान मात्रेत झडपा बिघडण्याचा धोका फारच कमी दिसला आहे. तरी सावधगिरी म्हणून गोळी सुरू करताना हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून ठेवणं चांगलं. आठवड्याला दोन मिलिग्रॅमहून जास्त लागत असेल तर ती दरवर्षी करावी. त्याहून कमी मात्रेत ती बऱ्याच अंतरानं केली तरी चालते. झडपेचा आजार आधीच असेल, लहानपणी सांध्यांच्या तापानं हृदय धरलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. धाप लागणं, पायांवर सूज, न थांबणारा कोरडा खोकला, ही धोक्याची खूण समजा.

मनावरच्या परिणामाबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून तो लपून राहतो. डोपामिन हे मेंदूत हव्यासाचंही रसायन आहे. गोळी घेणाऱ्या काही थोड्या माणसांना जुगाराची, उधळपट्टीची किंवा कामेच्छेची अशी ओढ लागते की ती त्यांना स्वतःला आवरत नाही. कालपर्यंत बेतानं राहणारा माणूस मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात पगार घालवू लागला, तर त्याच्या चारित्र्याचा निवाडा करण्याआधी त्याच्या औषधांची पिशवी पाहा. मात्रा कमी केली किंवा गोळी थांबवली की हे बहुधा थांबतं. आजारी माणसाला ते स्वतःला दिसत नाही किंवा बोलायला लाज वाटते. घरातल्या एकाला तरी हे आधी सांगून ठेवलेलं असावं.

पाळी परत येण्याची वाट पाहत बसलेल्या जोडप्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाळीआधी बीज सुटतं. म्हणजे गोळी सुरू झाल्यावर एकही पाळी न येता थेट दिवस जाऊ शकतात. मूल नको असेल तर साधन पहिल्या दिवसापासून वापरा. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आणि दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात भेटा. बहुतेकींची गोळी तेव्हा थांबवतात. छोटी गाठ गरोदरपणात त्रासदायक होईल इतकी क्वचितच वाढते. मोठी गाठ मात्र वाढू शकते, म्हणून तिच्यासाठी नऊ महिन्यांत डोळ्यांची बाजूची नजर वेळोवेळी तपासावी लागते. बाळंतपणानंतर अंगावर पाजायचं असेल तर ही गोळी चालत नाही. ती दूधच आटवते.

याच गुणासाठी ती कधी दुःखाच्या प्रसंगी दिली जाते. बाळ दगावलेल्या आईला दूध येत राहतं, आणि त्या यातनेला शब्द नाहीत. कॅबरगोलिनची एकदाच घेतलेली मात्रा ते थांबवू शकते. पण तिचं बीपी वाढलेलं असेल, बाळंतपणात झटके आले असतील किंवा आधी मनाचा आजार झाला असेल, तर हे औषध धोक्याचं आहे. ब्रोमोक्रिप्टीननं अशा बाळंतिणींमध्ये पक्षाघात आणि झटके आल्याच्या घटनांवरून अमेरिकेत १९९४-९५ मध्ये दूध थांबवण्यासाठीचा त्याचा वापर बंद झाला. आशाताईंनी आणि परिचारिका ताईंनी बीपीचा तो आकडा डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा.

गोळी किती दिवस, हा नेहमीचा प्रश्न. किमान दोन वर्षं प्रोलॅक्टिन जागेवर राहिलं आणि एमआरआयवर गाठ दिसेनाशी झाली, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून थांबवून पाहतात. काहींची कायमची सुटते, पुष्कळांचं प्रोलॅक्टिन पहिल्या वर्षातच परत वाढतं, म्हणून थांबवल्यावरही रक्त तपासत राहावं लागतं. पाळी आली म्हणजे बरं झालं असं समजून स्वतःच बंद केलेली गोळी, विशेषतः मोठ्या गाठीत, गाठ पुन्हा वाढवू शकते. उलट, पाळी कायमची गेलेल्या बाईत त्रास न देणारी छोटी गाठ असेल, तर गोळीशिवाय नुसतं लक्ष ठेवणंही पुरतं. तरुण बाईत मात्र "पाळी नाही तर कटकट नाही" म्हणून दुर्लक्ष करू नये. वर्षानुवर्षं पाळी बंद राहिली की हाडं पोकळ होत जातात.

तीन गोष्टी घडल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं दुखून उलटी होणं. नजर एकाएकी कमी होणं किंवा एकाचं दोन दिसणं. आणि मोठी गाठ आक्रसत असताना, सर्दी नसताना, वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्यासारखी धार लागणं. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, आणि ज्या वाटेनं ते बाहेर येतं त्याच वाटेनं जंतू आत जातात.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, पण मोठ्या आजाराला अकोला, नागपूर किंवा संभाजीनगर गाठायची सवय पुढे बरीच वर्षं राहिली. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तज्ज्ञ जवळ येईपर्यंत आणि आल्यावरही निम्मं काम आपल्याच हाती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा. ॲसिडिटीच्या, उलटीच्या, झोपेच्या, अर्धशिशीच्या, शेजारणीनं दिलेल्यासुद्धा. डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी रिकामी करा आणि विचारा, "डॉक्टर, यातलं काही माझं प्रोलॅक्टिन वाढवतं का?"